पोर्ट अपुरे पडतात तेव्हा

सिम रेसिंगची, म्हणजे संगणकावरच्या मोटार शर्यतींची, सुरुवात बहुतेकांच्या घरी एकाच केबलने होते. २०१५ साली आलेलं लॉजिटेकचं जी२९ हे स्टिअरिंग व्हील पाहा. त्याची तिन्ही पेडलं व्हीललाच जोडायची, वेगळा गिअर शिफ्टर घेतला तर तोही तिथेच लावायचा आणि संगणकाकडे फक्त एक यूएसबी केबल न्यायची. पुढे खेळात मन रमतं, लॅपची वेळ दशांश-दशांश सेकंदाने खाली येऊ लागते आणि मग उणिवा जाणवतात. या व्हीलसोबतचा ब्रेक, पेडल किती खाली गेलं ते मोजतो. खऱ्या रेसकारचा चालक मात्र ब्रेक ओळखतो तो पायाखालच्या दाबावरून. म्हणून दाब मोजणारी लोड सेलची पेडलं येतात, स्वतःची केबल घेऊन. रॅलीसाठी हँडब्रेक येतो. सीक्वेन्शियल शिफ्टर, पिट लिमिटर आणि वायपरची बटणं असलेला बटन बॉक्स, गिअर आणि वेग दाखवणारा छोटा डॅश, सीटखाली थरथर उठवणाऱ्या बेस शेकरसाठी वेगळं साउंड कार्ड, असं सामान वाढत जातं. कीबोर्ड, माउस, हेडसेट आणि वेबकॅम आधीपासून होतेच. दहा-अकरा केबल्स जमतात, आणि लॅपटॉपला पोर्ट असतात जेमतेम तीन.

मग हब आणला जातो, बहुधा दिसेल तो. आठवडाभर सगळं सुरळीत चालतं. एके दिवशी ऐन शर्यतीत विंडोजचा तो ओळखीचा ‘उपकरण तुटलं’ सांगणारा आवाज येतो, ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही आणि वळणावरच्या भिंतीत शर्यत संपते. दोष हबच्या माथी मारून दुसरा हब आणला जातो. कधी त्याने प्रश्न सुटतो, बरेचदा सुटत नाही. हब नेमकं काय करतो हे समजून घेतलं, तर हे अंदाजपंचे खर्च टळतात. हब पोर्टांची संख्या वाढवतो. त्या पोर्टांमागची वीज आणि संगणकाचा वेळ मात्र तो फक्त वाटून देतो. वाटणी कुठे कमी पडते, एवढंच शोधायचं असतं.

संगणकाला खेळाची उपकरणं जोडणं पूर्वी फार कठीण होतं. आयबीएमच्या १९८१च्या पीसीसाठी गेम कंट्रोल अ‍ॅडॅप्टर नावाचं कार्ड मिळायचं. त्याच्या १५ पिनांच्या जोडणीवर दोन जॉयस्टिक मावायच्या, म्हणजे चार अक्ष आणि चार बटणं. पुढे हीच जोडणी साउंड कार्डांवर आली आणि १९९०च्या दशकातली अनेक व्हील्स तिलाच लागायची. जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. तिच्यामागे इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या होत्या. इंटेलमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांत अजय भट्ट यांचं नाव अग्रभागी घेतलं जातं. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. हब ही या रचनेतली नंतरची जोड नव्हे. पहिल्या आराखड्यापासून तो तिचा भाग आहे. आपल्या संगणकाच्या आत बसलेल्या यूएसबी नियंत्रकालाही स्वतःचा ‘रूट हब’ असतोच.

यूएसबीत प्रत्येक उपकरणाला सात बिटांचा पत्ता मिळतो. सात बिटांत १२८ आकडे बसतात, त्यांपैकी शून्य नव्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणासाठी राखून ठेवलेला असतो. म्हणून एका नियंत्रकावर हब धरून जास्तीत जास्त १२७ उपकरणं बसतात. दुसरी मर्यादा साखळीची आहे. संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये पाचाहून जास्त हब असू शकत नाहीत. पाच म्हणजे भरपूर वाटतात, पण हबच्या पोटात डोकावलं की चित्र बदलतं. बाजारातल्या बहुसंख्य हबांमधली चिप चार पोर्टांची असते. सात पोर्टांचा हब बनवताना पहिल्या चिपच्या एका पोर्टला दुसरी चिप जोडतात, त्यामुळे तीन आणि चार मिळून सात पोर्ट बाहेर येतात. दहा पोर्टांच्या हबमध्ये अशा तीन चिपा असतात. म्हणजे एका सात पोर्टी हबमध्ये दुसरा सात पोर्टी हब लावला की काही उपकरणांपर्यंत पोचेतो चार हब झालेले असतात. मॉनिटरमधल्या यूएसबी पोर्टांना हे सगळं जोडलं असेल तर पाचवा तिथेच भरतो. हबला हब जोडू नये हा सल्ला म्हणूनच योग्य आहे.

आता वेळेच्या वाटणीकडे वळू. यूएसबीवर उपकरण आपणहून बोलत नाही. पंगतीत वाढपी पानापानापाशी थांबून विचारत पुढे जातो, तसा संगणक प्रत्येक उपकरणाला ठरलेल्या अंतराने विचारतो: काही नवीन आहे का? व्हील, पेडलं, शिफ्टर ही उपकरणं बहुतेक करून १२ मेगाबिट वेगाच्या ‘फुल स्पीड’ वर्गातली असतात आणि त्यांना अगदी लवकर म्हणजे दर मिलिसेकंदाला, सेकंदात एक हजार वेळा विचारता येतं. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका मिलिसेकंदात सात सेंटिमीटर पुढे सरकते. हाताची आणि पायाची हालचाल टिपायला हा वेग पुरेसा आहे. मध्ये हब आल्याने होणारा उशीर जास्तीत जास्त एखाद्या मिलिसेकंदाच्या घरातला असतो. हबमुळे आपला लॅप टाइम बिघडतो असं कोणी म्हणालं, तर त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

या उपकरणांची माहितीही अगदी थोडी असते. तीन पेडलांच्या स्थितीसाठी प्रत्येकी दोन बाइट धरले तर सहा बाइट झाले. आठ उपकरणं, प्रत्येकाचे २० बाइट आणि सेकंदाला हजार वेळा, असा हिशेब केला तरी सेकंदाला सुमारे १.३ मेगाबिट होतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. तेव्हा ‘माझ्याकडे एवढी उपकरणं आहेत, मला यूएसबी ३ चाच हब हवा’ हा तर्क वेगापुरता तरी टिकत नाही. यूएसबी ३ च्या हबमध्ये खरं तर दोन हब शेजारी शेजारी नांदतात, एक जुन्या तारांसाठी आणि एक नव्या वेगवान तारांसाठी. आपलं व्हील आणि पेडलं त्यातल्या जुन्या बाजूलाच जातात, यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टमध्ये खुपसली तरीही.

गर्दी करतात ती चित्र आणि आवाज पाठवणारी उपकरणं. ६४० बाय ४८० चं चित्र न दाबता सेकंदाला तीस वेळा पाठवणारा वेबकॅम सुमारे १४७ मेगाबिट खातो, म्हणजे यूएसबी २.० च्या जवळपास एक तृतीयांश. बेस शेकरसाठी लोक स्वस्तातलं आठ वाहिन्यांचं साउंड कार्ड घेतात. त्यांपैकी अनेक कार्डं फुल स्पीडवरच चालतात, आणि आठ वाहिन्यांच्या आवाजाला सुमारे ६.१ मेगाबिट लागतात. १२ पैकी निम्मी जागा एकट्या साउंड कार्डाने अडवली! साध्या हबमध्ये जलद आणि संथ वेगांमध्ये दुभाष्याचं काम करणारा एकच भाग सगळ्या पोर्टांसाठी असतो, त्यामुळे फुल स्पीडच्या सर्व उपकरणांना मिळून ते १२ मेगाबिट पुरवून घ्यावे लागतात. चांगल्या हबमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतंत्र दुभाष्या असतो. हबच्या माहितीपत्रकात ‘मल्टी टीटी’ असं लिहिलेलं दिसलं तर ते याबद्दलचं असतं. तसा हब न मिळाल्यास सोपा उपाय आहे. साउंड कार्ड, हेडसेट आणि वेबकॅम हबवर न लावता संगणकाच्या वेगळ्या पोर्टवर लावावेत.

खरी मारामार होते ती विजेची, आणि इथे जरा थांबून आकडे पाहायला हवेत. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, २००८ साली जाहीर झालेल्या यूएसबी ३.० चा ९००. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसतो, तो संगणकाच्या एका पोर्टमधून आलेले ५०० मिलिअँपिअर सगळ्यांत वाटतो. नियमाप्रमाणे अशा हबने चार पोर्टांना प्रत्येकी १०० मिलिअँपिअरच द्यायचे असतात. साध्या हँडब्रेकला एवढं पुरतं. पण बटन बॉक्सवर रंगीत एलईडी आले की हिशेब कोलमडतो. असा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. वीस पेटले तर १.२ अँपिअर. डॅशच्या छोट्या पडद्यालाही काहीशे मिलिअँपिअर लागतात. सगळं एकदम पेटतं तेव्हा व्होल्टेज घसरतं आणि शेजारच्या पोर्टवरच्या निरपराध पेडलांची जोडणी तुटते. एलईडी सगळे कधी पेटतात? इंजिनाचे फेरे शिगेला पोचून गिअर बदलायची वेळ येते तेव्हा. सरळ रस्त्याच्या टोकाला, ब्रेकिंगच्या अगदी आधी पेडलं का जातात, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

व्हील ज्यावर बसतं त्या मोटर असलेल्या बेसची गोष्ट वेगळी आहे. फॅनाटेकच्या सीएसएल डीडी या बेसला ५ न्यूटन-मीटरच्या जोरासाठी ९० वॉटचा आणि ८ न्यूटन-मीटरसाठी १८० वॉटचा स्वतंत्र अडॅप्टर लागतो. मोटर चालते त्या विजेवर. यूएसबीतून येतात फक्त आकडे. त्यामुळे बेस मोठा आहे म्हणून हबवर विजेचा ताण येईल असं होत नाही.

म्हणून हब घ्यायचा तो अडॅप्टरवालाच, आणि घेताना अडॅप्टरवरचा आकडा वाचायचा. सात पोर्टांना प्रत्येकी ५०० मिलिअँपिअर द्यायचे तर ३.५ अँपिअर हवेत, ५ व्होल्टवर साडेसतरा वॉट. सात पोर्टांच्या हबसोबत ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आला असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला २८५ मिलिअँपिअरच येणार. १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे २४ वॉट. हब आतल्या आत त्याचे ५ व्होल्ट करतो आणि थोडी वीज वाटेत गेली तरी पुरेशी उरते. आणखी एक गोष्ट तपासावी. संगणक पूर्ण बंद करून हबचा अडॅप्टर चालू ठेवावा. संगणकातले दिवे मंद पेटलेले दिसले तर तो हब उलट दिशेने संगणकात वीज सोडतो आहे. यूएसबीच्या नियमांत याला मनाई आहे. असा हब वापरू नये.

केबलही वीज खाते. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार, ०.८५ ओहम. तिच्यातून ५०० मिलिअँपिअर गेले की ०.४३ व्होल्ट वाटेतच जातात आणि उपकरणाच्या हाती ५ ऐवजी साडेचार व्होल्ट पडतात. तीच केबल २४ गेजची असेल तर तूट ०.१७ व्होल्टवर येते. केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत गेज छापलेला असतो, आकडा जितका लहान तितकी तार जाड. लांबीचीही सीमा आहे: यूएसबी २.० साठी पाच मीटर. त्यापुढे मध्ये सिग्नल ताजा करणारी सक्रिय केबल लागते. सीट आणि व्हील बसवलेल्या फ्रेमच्या पायथ्याशी हब बसवून तिथून संगणकापर्यंत एकच चांगली केबल न्यावी आणि हबपासून उपकरणांपर्यंतच्या केबल्स आखूड ठेवाव्यात, ही मांडणी मला सर्वांत पटते.

वीज पुरेशी, हब चांगला, केबल जाड, आणि तरीही कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढताच जोडणी तुटते. असं झालं तर संशय विद्युत गोंगाटावर घ्यावा. डायरेक्ट ड्राइव्ह बेसमधली, म्हणजे व्हील थेट जिच्यावर बसतं ती मोटर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या प्रवाहावर चालते. कर्बवर झटके येतात तेव्हा प्रवाह एकदम उसळतो. यूएसबीची केबल मोटरच्या किंवा अडॅप्टरच्या तारेबरोबर एकाच टायने बांधलेली असेल तर हा गोंगाट तिच्यात शिरतो. दोन्ही केबल्स वेगळ्या बाजूंनी न्याव्यात, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. केबलच्या टोकाला फेराइटचा मणी लावला तर उच्च वारंवारतेचा गोंगाट बऱ्यापैकी शोषला जातो.

दुसरी बाजू अर्थिंगची आहे आणि आपल्याकडे ती फार दुर्लक्षिली जाते. बेसच्या मोठ्या अडॅप्टरला तीन पिनांचा प्लग असतो, त्यातली जाड पिन अर्थिंगची. जुन्या वाड्यांत आणि इमारतींत सॉकेट तीन भोकांचं असतं, पण मागे अर्थिंगची तार आलेलीच नसते. मग बेस, संगणक आणि हब यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकामुळे वाहणारा प्रवाह यूएसबी केबलच्या जाळीतून वाट शोधतो. ही सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटवर असावीत. त्यात स्थिर विजेची भर पडते. ॲल्युमिनियमची फ्रेम, पॉलिएस्टरचं सीट कव्हर आणि कोरडी हवा एकत्र आली की माणसाच्या अंगावर भार साचतो आणि व्हीलला हात लावताच ठिणगी उडते. विदर्भात किंवा पुण्यात हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत हे जास्त होतं, कोकणातल्या दमट हवेत कमी. फ्रेमला अर्थिंग देऊन घेणं हा त्यावरचा उपाय, पण ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

मग कुठे काय लावायचं? बेस थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये. तिथे वेगाचा किंवा विजेचा प्रश्न नाही, पण सर्वांत मोठा गोंगाट करणारं आणि तुटलं तर सर्वांत जास्त नुकसान करणारं तेच उपकरण आहे, म्हणून मध्ये कुणी नको. फर्मवेअर बदलताना तर नकोच, कारण ते अर्धवट राहिलं तर उपकरण निकामी होऊ शकतं. पेडलांसाठी दुसरा पोर्ट मोकळा असेल तर तीही थेट लावावीत. शिफ्टर, हँडब्रेक, बटन बॉक्स, डॅश, कीबोर्ड आणि माउस खुशाल अडॅप्टरच्या हबवर. फॅनाटेकसारख्या काही कंपन्यांची पेडलं आणि शिफ्टर बेसलाच वेगळ्या तारेने जोडता येतात. ती सोय असेल तर तेवढे पोर्ट वाचतात. विंडोजच्या वीजबचतीच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावं. न वापरलेलं उपकरण झोपवण्याची ती सोय आहे, आणि हँडब्रेकसारखं उपकरण सर्किट रेसमध्ये अर्धा-अर्धा तास वापरलंच जात नाही.

प्रत्येक केबलवर आणि पोर्टवर चिठ्ठी लावा. हे नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. ज्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्याची ओळख विंडोज पोर्टच्या जागेवरून ठेवतं. तेच उपकरण दुसऱ्या पोर्टमध्ये लावलं की ते नवीन ठरतं आणि खेळात लावून ठेवलेली बटणं गायब होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून प्रो मायक्रो हे छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणून स्वतः बटन बॉक्स बनवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. एकसारखे दोन बोर्ड संगणकाला जुळ्यांसारखे दिसतात. प्रोग्राम चढवताना दोघांना वेगळी नावं आणि वेगळे क्रमांक दिले की गोंधळ संपतो.

कधी कधी दोष यांपैकी कशातच नसतो. फेब्रुवारी २०२१मध्ये एएमडीने जाहीरपणे मान्य केलं की तिच्या ५०० मालिकेच्या चिपसेट असलेल्या काही मदरबोर्डांवर यूएसबीची जोडणी अधूनमधून तुटते. तो दोष त्यानंतर आलेल्या बायोसने दुरुस्त झाला. हब बदलून तो सुटणारा नव्हता. त्याच पठडीतली दुसरी अडचण म्हणजे ‘यूएसबी कंट्रोलरची साधनं अपुरी आहेत’ अशा अर्थाची विंडोजची सूचना. प्रत्येक उपकरण नियंत्रकात काही जागा अडवतं आणि हेडसेटसारखं एक उपकरण अनेक जागा घेतं. त्या संपल्या की १२७ चा आकडा कागदावरच राहतो. तेव्हा मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारं वेगळं यूएसबी कार्ड घ्यावं, कारण त्याच्यासोबत नवा नियंत्रक येतो आणि हबसोबत येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणं ‘जोडणीनुसार’ पाहिली की कोणतं उपकरण कोणत्या नियंत्रकाखाली बसलं आहे ते झाडासारखं दिसतं.

जोडणी तुटू लागली तर सगळं एकदम बदलू नका. हबवरची उपकरणं काढून ठेवा, बेस आणि पेडलं थेट लावून दोन दिवस खेळा, मग एकेक उपकरण परत जोडत जा. जे जोडल्यावर त्रास सुरू होईल त्याची वीज, केबल आणि जागा तपासा. आणि नवा हब मागवण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग एकदा तपासून घ्या. खेळासाठी नाही केलंत तरी घरातल्या माणसांसाठी ते करायलाच हवं.